आईवडिलांसाठी केअर सेंटर पाहताना या चुका टाळा

पुण्यात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पेठेतलं दुमजली हॉस्पिटल. खाली ओपीडी, वर दहा-बारा खाटा, बाळंतपणं आणि हर्नियाची ऑपरेशनं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला महिनोन्‌महिने सांभाळणारी जागा शोधायला निघालात, की पाट्या दिसतात त्या केअर सेंटर, वृद्धाश्रम, पुनर्वसन केंद्र, असिस्टेड लिव्हिंग अशा. पाटीवरून आतलं काहीच कळत नाही, हे मला पाच ठिकाणं पालथी घातल्यावर समजलं.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. भाऊ बंगळुरूला, मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरी पेशंट सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोच्या तीन मावशी दीड महिन्यात बदलल्या, तेव्हा केअर सेंटर बघायचं ठरलं. पुढे जे लिहिलंय त्यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पाटी वाचली, कागद नाही वाचला

वृद्धाश्रम ही मुळात हिंडत्या-फिरत्या माणसाची सोय. नवी पेठेतल्या निवारासारखी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली संस्था असो की कालपरवा उघडलेला बंगला, आपला माणूस चालता आहे की खाटेवर, त्याला नळी आहे का, रात्री उठून दार उघडतो का, हे आधी सांगा आणि ‘अशा पेशंटला घेता का’ असं सरळ विचारा. ‘हो हो, सगळे घेतो’ हे उत्तर मला आता धोक्याचं वाटतं.

आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते, त्या जागेला 1949च्या नर्सिंग होम्स नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. पुणे शहरात ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. मी ते मागितलं तेव्हा दोन ठिकाणी माझ्या हातात शॉप अ‍ॅक्टचा कागद ठेवला गेला. तो किराणा दुकानालाही मिळतो.

रविवारी सकाळी अकराला, फोन करून गेलो

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. रविवारी अकराला कुठलंही सेंटर छानच दिसतं. फरशी पुसलेली, आजोबांची दाढी केलेली, बागेत दोन खुर्च्या. मॅनेजर चहा देतो, आपण भारावतो, डिपॉझिट भरून मोकळे होतो.

संध्याकाळी सातनंतर जा. दिवसपाळी निघून गेलेली असते. बऱ्याच ठिकाणी जेवण साडेसहालाच उरकतात, कारण स्वयंपाकाच्या बाईंना घरी जायचं असतं. नाश्ता सकाळी साडेआठला, म्हणजे मध्ये चौदा तास पोट रिकामं. इन्सुलिनवरच्या माणसाची साखर याच वेळात घसरते, आणि ज्याला बोलता येत नाही तो घाम फुटल्याचं सांगणार कोणाला? झोपताना दूध किंवा काही देतात का, तेवढं विचारून घ्या.

‘चोवीस तास नर्स’ हे वाक्य तर प्रत्येक माहितीपत्रकात असतं. त्याऐवजी ‘काल रात्री दोन वाजता ड्युटीवर कोण कोण होतं?’ असं विचारा. एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेल्या किती, आणि पांढरा कोट घातलेल्या मावशी किती? मावशी वाईट नसतात, उलट सगळा भार त्याच ओढतात. पण नळीतून औषध देणं, इन्सुलिन टोचणं हे त्यांच्या गळ्यात मारलेलं असेल तर ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

बाग पाहिली, टाच नाही पाहिली

नानांना ठेवून पाच आठवडे झाले होते. मी रोज जायची, खुर्चीवर बसायची, ‘जेवलात का?’ विचारायची. ते मान हलवायचे. मॅनेजर म्हणायचे, ‘ताई, काका एकदम मजेत आहेत.’

शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून एकदा मला म्हणाली, ‘तुमच्या बाबांचा कुठला हात चालतो हो?’ मी म्हटलं, डावा. ‘मग पाणी उजवीकडे कसं काय?’ बघते तर स्टीलचं भांडं काठोकाठ भरलेलं, झाकण ठेवलेलं, उजव्या बाजूच्या कपाटावर. सकाळी भरलेलं संध्याकाळी तसंच. लघवीची पिशवी पाहिली, तर रंग काळ्या चहासारखा. मग डाव्या मनगटावरच्या एचएमटीच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. धातूचा पट्टा सैल होऊन पार कोपराकडे सरकत होता. वजन करायला लावलं. येताना 62 किलो होते, आता 58 भरले. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरणं ही डॉक्टरला दाखवायची गोष्ट असते, वय झालं म्हणून सोडून द्यायची नाही.

मग चादर बाजूला केली. उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबला तर पांढरा पडला नाही, लालच राहिला. बेडसोरची, म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात अशीच असते. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा. तेवढीच जागा गरम किंवा टणक लागते. टाचा, माकडहाड, खुबे, खांद्याची हाडं आणि ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर कानामागेही पाहा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं हा यावरचा नेमका उपाय. एअर गादी मदतीला असते, कूस बदलण्याऐवजी नव्हे. आमच्याकडे गादी होती, तिचं भाडंही बिलात होतं. फक्त पंपाची पिन काढलेली होती आणि त्या सॉकेटवर कोणाचा तरी मोबाईल चार्जिंगला लावलेला होता.

तेव्हापासून मी खुर्चीवर बसत नाही. आधी हात-पाय, नखं, जीभ कोरडी आहे का, डायपरची कड ओली आहे का. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी, पण फरशीला टेकलेली नको. नाकातल्या नळीने जेवण देत असतील तर खाटेची डोक्याकडची बाजू वर उचललेली हवी, आणि जेवण झाल्यावरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच राहायला हवी. आडवं केलं तर अन्न छातीत जातं. हे सगळं बघायला पाच मिनिटं लागतात. नानांच्या अंगावरून हात फिरवताना कोणाला वाटतही नाही की मी तपासणी करतेय.

रजिस्टर बघितलं, पण घड्याळ नाही बघितलं

रजिस्टर बहुतेक ठिकाणी असतं. बीपी, शुगर, कूस बदलली, औषध दिलं, पुढे सह्या. मी एकदा दुपारी साडेचारला चाळलं तर रात्री आठचं बीपी लिहून झालेलं होतं, 130/80. त्या पानावर सगळ्यांचंच 130/80! अकरा म्हाताऱ्या माणसांचं बीपी एकाच आकड्यावर आलं, तर गडबड मशीनमध्ये नाही, वहीत आहे. तारीख मागची बघा, पेनाची शाई बघा, एखादा डोस ‘दिला नाही’ असं कुठे प्रामाणिकपणे लिहिलंय का ते बघा. तशी नोंद सापडली तर मला त्या जागेबद्दल जास्त भरवसा वाटतो.

‘शांत झाले’ म्हणून खूश झालो

रात्री ओरडणारा, उठणारा पेशंट आठवड्याभरात गप्प झाला तर आनंद होण्याआधी औषधांची यादी मागा. क्वेटिआपिन, क्लोनाझेपाम अशा गुंगी आणणाऱ्या गोळ्यांपैकी काही नव्याने सुरू झालंय का, कोणी लिहून दिलं, कधीपर्यंत? गरज असते तेव्हा ही औषधं द्यावी लागतात, याबद्दल वाद नाही. पण कर्मचारी कमी म्हणून गोळी, हे चालणार नाही. गुंगीतला माणूस पडतो, ठसकतो, पाणी कमी पितो. तुम्ही दुपारी बाराला गेलात आणि हॉलमधले सगळेच घोरत असतील, तर जागा बदला. हात खाटेला बांधलेले दिसले तर कोणाच्या लेखी सूचनेवरून आणि किती वेळ, हे तिथल्या तिथे विचारा.

पैशांबाबत थोडक्यात. महिन्याचा आकडा विचारू नका, एखाद्या पेशंटचं मागच्या महिन्याचं पूर्ण बिल नाव झाकून दाखवायला सांगा. डायपर, ग्लोव्हज, अंडरपॅड, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट, सगळं त्यात दिसतं. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, ते लिहून घ्या.

आणखी एक मोह टाळा, निसर्गरम्य जागेचा. पानशेतच्या वाटेवर डोंगर छान दिसतात, पण शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तुम्ही तिथे जाणार नाही. आठवड्यात तीनदा अवचित जाता येईल अशी वारज्यातली सामान्य इमारत मी त्यापेक्षा चांगली मानते. कुणाचा नातेवाईक कधीही टपकतो, हे कर्मचाऱ्यांना बरोबर माहीत असतं.

गडबड दिसली, आता काय?

मी पहिल्यांदा मावशीवर ओरडले. तो राग निघणार होता नानांवरच, हे घरी आल्यावर सुचलं. आता फोटो काढते, तारीख-वेळ घालून मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅप करते: ‘उजव्या टाचेवर लाली, कूस बदलण्याची नोंद उद्यापासून मला दाखवा. पाणी कायम डाव्या हाताला.’ शेवटी ‘धन्यवाद’ लिहायचं. दोन दिवसांनी तेच पुन्हा बघायचं. एकदा चूक कुठेही होते, आमच्या घरीही झाली असती. तीच गोष्ट दाखवून दिल्यावर तिसऱ्यांदा झाली, की मी निघते. जखम वाढत असेल, श्वास जड होत असेल, माणूस हाकेला ओ देत नसेल, तर मात्र मॅनेजरची वाट न बघता 108 लावा. मारहाण, उपासमार, पैशांची फसवणूक असलं काही असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे, आणि नर्सिंग होमच्या नोंदणीबाबतची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी द्या, पोच घ्या.

आम्ही नानांना हलवलं ते मंगळवारी सकाळी. रविवारी हलवू नका. नवीन जागेचे डॉक्टर नसतात, जुन्या ठिकाणी फाईलची झेरॉक्स देणारा माणूस सुट्टीवर असतो. निघण्याआधी औषधांचा तक्ता, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट आणि त्या दिवशीचं वजन लिहून घ्या, आणि अंगावरच्या प्रत्येक डागाचा फोटो दोन्ही जागांच्या माणसांसमोर काढा. नाहीतर पुढचे सहा महिने ‘ही जखम तिकडूनच आली’ आणि ‘आमच्याकडे तर नव्हती’ एवढंच ऐकावं लागतं.