ठरलेलं इंजेक्शन मिळालंच नाही तर? बाळंतपणात या चुका टाळा

माझं पेनलेस डिलिव्हरीचं सगळं ठरलेलं होतं. सातव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलणं झालं, भूलवाल्या डॉक्टरांची भेट झाली, रक्ताचे रिपोर्ट झाले, खर्च किती येईल तेही विचारून ठेवलं आणि मी निवांत झाले. कळांची मला आधीपासूनच फार भीती, त्यामुळे एपिड्युरल (पाठीत बारीक नळी बसवून कळांचं दुखणं बधिर करणारं इंजेक्शन) मिळणार म्हटल्यावर मी कळांबद्दल एक ओळसुद्धा वाचली नाही. ही माझी पहिली चूक आणि सगळ्यात मोठी.

झालं काय, तर तारीख होती जानेवारीच्या शेवटची आणि कळा सुरू झाल्या आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, बरोबर अक्षता सोहळ्याच्या दिवशी. माहेर बाळीवेशीजवळ, ठरलेलं हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला, मधे नंदीध्वजांची मिरवणूक, रस्ते बंद, बाहेर पाय ठेवायला जागा नाही. घरात सगळे म्हणाले पहिलटकरणीला वेळ लागतो, गर्दी ओसरली की निघू, मलाही ते पटलं आणि तीन तास घरातच गेले. पाणी गेलं तेव्हा निघालो पण गाडी पुढे सरकेना, शेवटी वाटेतल्या दुसऱ्याच हॉस्पिटलात गेलो. तिथले भूलवाले डॉक्टर दुसरीकडे सिझरला अडकले होते. येतो म्हणाले, आलेही बिचारे धावत, पण तोवर बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं.

एकच बेत ठेवणं

एपिड्युरल न मिळायला गड्डाच लागतो असं नाही. प्लेटलेट्स कमी झाल्या (साधारण ८० हजार ते १ लाखाच्या खाली गेल्या की बरेच भूलतज्ज्ञ नको म्हणतात), रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असलं आणि शेवटच्या डोसला पुरेसे तास झाले नसले, पाठीवर जिथे सुई टोचायची तिथे इन्फेक्शन असलं, किंवा डिलिव्हरी एकदम फास्ट झाली, की बेत बदलतो. नळी बसवायला १० ते २० मिनिटं, मग असर व्हायला आणखी १५-२० मिनिटं, म्हणजे मागितलं आणि लगेच दुखायचं थांबलं असं होत नाही. कधी कधी नळी बसते पण एकच बाजू बधिर होते. आपल्याकडे बऱ्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ चोवीस तास बसलेले नसतात, फोन केल्यावर येतात. त्यामुळे "तुमच्याकडे एपिड्युरल आहे का" एवढंच विचारू नका. "रात्री दोन वाजता, सणाच्या दिवशी कोण येतं, किती वेळात येतं, आणि नाहीच आलं तर तुम्ही मला दुसरं काय देता" हे विचारा. दुखणं थोडं कमी करणारी इंजेक्शनं असतात, काही ठिकाणी तोंडावर धरून घ्यायचा गॅस असतो. हे आधी माहीत असलं तर आयत्या वेळी मागता येतं.

इंजेक्शनची वाट बघत कळा घेणं

हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय कारण माझे दोन तास यातच गेले. प्रत्येक कळ आली की मी दाराकडे बघायचे, डॉक्टर आले का, आले का, आणि पूर्ण अंग आवळून धरायचे, दात, मुठी, पाय, सगळं. म्हणजे कळ घेत नव्हते, ती कशीतरी टाळत होते. अंग जितकं आवळाल तितकं जास्त दुखतं आणि माणूस थकतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही. मग तिथल्या एक कन्नड बोलणाऱ्या मावशी आल्या, माझा खांदा दाबून खाली केला आणि म्हणाल्या, "उसिरु बिडव्वा, उसिरु बिडु." म्हणजे श्वास सोड बाई, श्वास सोड. श्वास घे असं नाही म्हणाल्या, सोड म्हणाल्या. मी सोडला आणि खरंच सांगते, त्या कळेपासून मला जरा जमायला लागलं.

इंजेक्शन मागितलंय ना, ते येईल तेव्हा येईल, पण चालू असलेली कळ आत्ताची आहे. नाकाने हळू श्वास आत, तोंडाने लांबवत बाहेर, बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा मोठा. आवाज काढावासा वाटला तर काढा, पण खालच्या पट्टीत, जात्यावर दळताना आजी जसं हुंकारत गुणगुणायची तसा. वरच्या पट्टीत किंचाळलं की गळा, जबडा, खांदे सगळं आवळतं. जबडा सैल ठेवायचा.

आणि एक हिशोब करून बघा, मला नंतर फार धीराचा वाटला. जोरात कळा चालू असताना १० मिनिटांत ३ ते ४ येतात, प्रत्येक ४५ ते ६० सेकंदांची. म्हणजे अगदी जास्तीत जास्त धरलं तरी तासाभरात २४ मिनिटं कळ आणि ३६ मिनिटं मोकळी. मी ती ३६ मिनिटंसुद्धा पुढच्या कळेच्या भीतीत घालवली, डोळे मिटून पडता आलं असतं.

बेडवर उताणं पडून राहणं

झोपायला सांगितलं म्हणून मी पाठीवर पडून राहिले आणि माझी तर कळ सगळी कंबरेत. जोखीम नसलेल्या बाईला चालायला, बसायला, उभं राहायला हरकत नसते, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमधेही आवडीच्या पोझिशनची आणि सोबतीला आपल्या माणसाची शिफारस आहे. विचारा फक्त, "मी उठू का?" बाळाचे ठोके बघायचे असतील तर सिस्टर नाही म्हणतील, मग डाव्या कुशीवर वळा. कंबरेत कळ असेल तर ओणवं होऊन, म्हणजे हात आणि गुडघ्यांवर, कंबर हळू हलवा, आणि सोबतच्या माणसाला माकडहाडाच्या वर तळव्याने घट्ट दाब द्यायला सांगा. चोळायचं नाही, दाबून धरायचं. माझ्या वहिनीने हे शेवटी शेवटी केलं, आधी कळलं असतं तर! गरम पाण्याची पिशवी किंवा गरम पाण्याची अंघोळ मिळाली तर तीही घ्या.

दर दोन तासांनी लघवीला जाऊन या, लघवीची भरलेली पिशवी बाळाच्या डोक्याची वाट अडवते. खाण्यापिण्याचं डॉक्टरांना विचारून, पण ते हो म्हणाले तर पेज, शहाळ्याचं पाणी असं हलकं घोट घोट घ्या, उपाशी अंगात ताकद राहत नाही.

सेंटिमीटर ऐकून खचणं

गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते सेंटिमीटरमधे सांगतात, १० म्हणजे पूर्ण. मला ६ म्हणाले आणि मी रडायलाच लागले, एवढं सोसून फक्त ६, अजून ४ बाकी! पण ते तोंड घड्याळासारखं उघडत नाही. माझं ६ वरून पूर्ण १० व्हायला तास-सव्वा तास लागला. कोणाला जास्त लागतो, कोणाला कमी.

८ ते १० च्या मधे एक वेळ येते तेव्हा अंग थरथर कापतं, उलटी होते, थंडी वाजते, एकदम गरम होतं, आणि बाई म्हणते आता माझ्याने होत नाही, मला घरी जाऊ द्या, सिझर करा. मला वाटलं माझं काहीतरी बिघडलं. बऱ्याचदा याचा अर्थ शेवट जवळ आलाय असा असतो. तरी सिस्टरना सांगा, त्या बघतील. मात्र दोन कळांच्या मधेसुद्धा पोट दगडासारखं कडक राहून सतत दुखतंय, भरपूर रक्त जातंय, पाणी हिरवट आहे, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, ताप आलाय, बाळ हलत नाही, यातलं काहीही झालं तर सोसत बसायचं नाही, लगेच मोठ्याने सांगायचं. घरी असाल तर लगेच निघायचं, गाडी नसेल तर १०८ लावा.

चुकीच्या वेळी जोर लावणं

संडासला लागल्यासारखं वाटायला लागलं की सिस्टरना बोलवा, स्वतःहून सुरू करू नका. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं नसताना जोर लावला तर त्याला सूज येऊ शकते. थांब म्हणाल्या तर मेणबत्ती विझवतो तशा छोट्या छोट्या फुंकरी मारायच्या, अवघड आहे पण होतं. आणि डोकं बाहेर येताना खाली आग झाल्यासारखी जळजळ होते, तेव्हा भीतीने सगळा जोर एकदम लावावासा वाटतो, मी तेच केलं. तिथेच हळू घ्यायचं असतं, परत फुंकरी, म्हणजे जागा ताणायला वेळ मिळतो आणि फाटायचं प्रमाण कमी होतं. कोणी वरून पोट दाबायला लागलं तर "पोट दाबू नका" असं तुम्ही किंवा सोबतच्या माणसाने स्पष्ट सांगा, जागतिक आरोग्य संघटनाही पोट दाबायला नको म्हणते.

बाळ झालं म्हणजे संपलं असं समजणं

वार पडायची बाकी असते, साधारण अर्ध्या तासात पडते, रक्तस्राव होऊ नये म्हणून मांडीत इंजेक्शन देतात. मग टाके. टाके घालताना मला चांगलं दुखत होतं आणि मी गप्प बसले, म्हटलं एवढं सोसलं तर हेही सोसू. असं अजिबात करू नका! एपिड्युरल हुकलं म्हणून पुढचं सगळं तसंच सोसायचं असा काही नियम नाही. टाक्यांच्या जागेवर बधिर करायचं इंजेक्शन असतं, दुखत असेल तर "मला दुखतंय, अजून द्या" म्हणायचं. नंतर एका तासात पूर्ण पॅड भिजतंय असं झालं तर लगेच हाक मारा.

घरी आल्यावर सगळे म्हणाले बरं झालं, नॉर्मल झाली, पैसेही वाचले. मला मात्र कित्येक रात्री ती खोली, ते दार दिसायचं, आणि बाळ मांडीवर असताना रडू यायचं. शेवटी मी नवऱ्याला सांगितलं, मग डॉक्टरांना भेटून तेव्हा नेमकं काय झालं ते विचारलं, तेव्हा जरा हलकं झालं. दोन आठवड्यांच्या वर असं वाटत राहिलं तर डॉक्टरांशी बोला, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे, फुकट आणि चोवीस तास.

आता माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेलेत, तारीख मे महिन्याची, म्हणजे सोलापूरचा ऊन्हाळा. तिलाही एपिड्युरलच हवंय आणि तिने ते घ्यावं असंच मला वाटतं. तिच्या फाईलमधे आम्ही दोन कागद लावलेत. एकावर ठरलेला बेत. दुसऱ्यावर जवळच्या दोन हॉस्पिटलांचे नंबर, कळा दर ५ मिनिटांनी एक-एक मिनिटाच्या अशा तासभर आल्या किंवा पाणी गेलं की निघायचं असं मोठ्या अक्षरात, आणि खाली तिच्या नवऱ्यासाठी एक ओळ, कंबर कुठे दाबायची आणि "श्वास सोड" कधी म्हणायचं.