धास्तीची गोष्ट कशी लिहावी: पॅट्रिशिया हायस्मिथ यांचा धडा, कपाशीच्या काट्यावर

रहस्यकथा लिहू पाहणारा आपल्याकडचा नवा लेखक बहुधा प्रेतापासून सुरुवात करतो. रावेरकडच्या एखाद्या केळीबागेत ठिबकच्या नळीशेजारी प्रेत सापडते, फौजदार येतो, चार जणांवर संशय जातो आणि शेवटच्या पानावर खुनी कोण ते कळते. यात गैर काही नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढ्यांनी असल्या गोष्टी कंदिलाच्या उजेडात वाचून काढल्या. मात्र वाचकाला कोडे घालायचे नसून त्याच्या पोटात गोळा आणायचा असेल, तर उलट्या बाजूने निघावे लागते, आणि ती बाजू अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्याइतकी नीट दाखवणारे लेखक फार थोडे आहेत. त्यांच्याकडून काय घ्यावे आणि ते आपल्या मातीत कसे लावावे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

हायस्मिथ यांचा जन्म १९ जानेवारी १९२१ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे त्या वारल्या. इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी त्यांना भीतीची नव्हे, तर धास्तीची कवयित्री म्हटले होते. हा भेद आधी मनात पक्का करावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. भीती समोर आलेल्या वाघाची असते, तर धास्ती ही वाघ अजून दिसलेला नसताना, आणि बऱ्याचदा आपणच काहीतरी करून बसलेलो असताना, आतल्या आत चालणारी गोष्ट असते. खानदेशी वाचकाला हे परके वाटू नये. मन म्हणजे उभ्या पिकात शिरलेले ढोर, कितीही हाकलले तरी पुन्हा पिकावर येणारे, असे बहिणाबाईंनी सांगून ठेवलेच आहे. हायस्मिथ यांची पात्रे त्या ढोराच्या मागे धावून धावून थकलेली माणसे आहेत.

सुरुवात वाचनाने करावी, आणि तीही दोनच कादंबऱ्यांनी. पहिली १९५० सालची ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’, दुसरी १९५५ सालची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’. इंग्रजी साधे आहे, वाक्ये फार लांब नाहीत, त्यामुळे शब्दकोश जवळ ठेवून बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्यालाही ती झेपतात. पहिली कादंबरी शक्य झाल्यास जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत वाचावी, असे मी गमतीने सांगतो, पण त्यात थोडे तथ्यही आहे. धरणगाव, अमळनेर, नंदुरबार अशी स्टेशने मागे पडत असताना शेजारचा अनोळखी माणूस आपल्या घरचे गाऱ्हाणे किती मोकळेपणाने सांगतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. कादंबरीत गाय हेन्स हा वास्तुविशारद असाच ब्रुनो नावाच्या तरुणाशी बोलून बसतो. ब्रुनो सुचवतो की मी तुझ्या बायकोला मारतो, तू माझ्या बापाला मार. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून कोणी पकडले जाणार नाही. गाय हे हसण्यावारी नेतो, पण त्याचे प्लेटोचे पुस्तक ब्रुनोच्या डब्यात राहून जाते. ते पुस्तक कुठे आहे, ही टोचणी मग पानोपानी सुटत नाही.

या कादंबरीवर आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५१ साली चित्रपट केला. पुस्तक वाचून झाल्यावर तो अवश्य पाहावा आणि एकच फरक वहीत टिपावा. चित्रपटातला गाय टेनिसपटू आहे आणि तो खून करत नाही. पुस्तकातला गाय मात्र ब्रुनोच्या वडिलांना खरोखर मारतो. चित्रपटाने नायकाचे हात स्वच्छ ठेवले; हायस्मिथ यांनी ते ठेवले नाहीत, आणि त्यांच्या प्रभावाचे मूळ माझ्या मते इथेच आहे. भला माणूस एका वाईट सूचनेपासून प्रत्यक्ष कृत्यापर्यंत कसा जातो, तो रस्ता त्या पायरीपायरीने दाखवतात, आणि आपण त्या जागी असतो तर कुठल्या पायरीवर थांबलो असतो, हे वाचकाला नीट सांगता येत नाही.

रिप्ले वाचताना पहिले पान दोनदा वाचावे. टॉम रिप्ले बारमधून बाहेर पडतो आणि एक माणूस आपल्या मागे येत आहे हे त्याच्या लक्षात येते. पोलीस असावा, असे त्याला वाटते, कारण करखात्याच्या नावाने लोकांना फसवण्याचा किरकोळ उद्योग त्याने चालवलेला असतो. तो माणूस निघतो एका श्रीमंत तरुणाचा बाप, आणि मुलाला इटलीतून परत आणण्याची कामगिरी तो टॉमवर सोपवतो. खून अजून कितीतरी दूर आहे, तरी धास्ती पहिल्या ओळीपासून हजर आहे. पुढे टॉम त्या मुलाला, डिकी ग्रीनलीफला, होडीत वल्ह्याने मारतो, त्याचे कपडे, त्याची सही, त्याचे नाव घेतो, आणि शेवटी पकडला जात नाही. बँकेला सहीचा संशय येतो तेव्हा आपणच मनात म्हणतो, ‘सुटू दे याला.’ असे ज्या ज्या ठिकाणी आपल्या मनात आले, त्या त्या ठिकाणी समासात पेन्सिलीने खूण करावी. पुस्तक संपल्यावर फक्त त्या खुणा पाहाव्यात. प्रत्येक ठिकाणी टॉम काहीतरी अगदी घरगुती काम करत असल्याचे आढळेल: कपाट आवरणे, पत्र लिहिणे, पाहुण्याला पेय देणे. धास्ती अशा कामांच्या आडून येते.

या दोन पुस्तकांनी पुढे किती घरे केली ते थोडक्यात सांगतो. रिप्लेवर १९६० साली फ्रान्समध्ये रने क्लेमाँ यांनी आलाँ दलाँला घेऊन चित्रपट केला, १९९९ साली अँथनी मिंघेला यांनी केला, आणि २०२४ साली कृष्णधवल चित्रणातली आठ भागांची मालिका आली. स्वतः हायस्मिथ यांनी १९९१ पर्यंत रिप्लेच्या एकूण पाच कादंबऱ्या लिहिल्या. पण नुसत्या रूपांतरांच्या यादीत प्रभाव दिसत नाही. गुन्हेगाराच्या खांद्यावर बसून गोष्ट पाहायची, ही जागा आज मालिकांमध्ये इतकी नेहमीची झाली आहे की ती कोणी रुळवली हे विचारायचे सुचतही नाही. साधा संसारी माणूस पोलिसांना चकवतो तेव्हा थिएटरात टाळ्या वाजवणारे आपण सगळे त्याच जागेवर बसलेले असतो.

आता लिहिण्याकडे वळू. हायस्मिथ यांनी १९६६ साली ‘प्लॉटिंग अँड रायटिंग सस्पेन्स फिक्शन’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात स्वतःच्या फसलेल्या मसुद्यांविषयीही त्या मोकळेपणाने बोलतात, म्हणून ते मला इतर मार्गदर्शक पुस्तकांपेक्षा विश्वासाचे वाटते. कल्पनेचा अंकुर दिसताच टिपून ठेवावा, यावर त्यांचा भर आहे. रिप्लेचा अंकुर त्यांना १९५२ साली इटलीतल्या पोसितानोमध्ये सापडला: पहाटे गच्चीतून पाहताना खांद्यावर टॉवेल टाकून किनाऱ्याने एकटाच चाललेला एक तरुण दिसला, एवढेच. तो कोण, याची चौकशी त्यांनी केली नाही, आणि आपणही करू नये. खिशात छोटी वही ठेवून बाजार समितीत, एसटी स्टँडवर, भरीत पार्टीत महिनाभर असे अंकुर टिपावेत. एका वेळी एक वाक्य पुरे.

माझ्या वहीतला एक अंकुर उदाहरणादाखल देतो. घाईत लिहिलेला मराठी ‘१’ कधीकधी ‘९’ सारखा दिसतो. अमळनेरच्या बाजूला एका गावात खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याने गावातच येऊन माल घेणे, चालू आहे, संध्याकाळ झाली आहे, काट्यावर चार-पाच शेतकऱ्यांची कपाशी आहे. मापाडी चिठ्ठीवर ११ क्विंटल लिहितो, व्यापारी ते १९ वाचतो, तेवढे पैसे मोजून देतो आणि चिठ्ठी शेतकऱ्याकडेच राहते. शेतकरी घरी येऊन नोटा मोजतो. आठ क्विंटलचे पैसे जास्त आले आहेत. तो सकाळी परत करीन असे ठरवतो आणि झोपतो.

कोड्याची गोष्ट लिहिणारा इथून जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात जाईल, माल कमी भरल्याचे सांगेल आणि पैसे कोणी खाल्ले याचा शोध लावेल. मीही पहिल्या मसुद्यात तेच केले होते. तिसऱ्या पानावर फौजदार आला आणि गोष्ट तिथेच मेली. हायस्मिथ यांच्या रीतीने लिहायचे तर शेतकऱ्याचे घर सोडायचे नाही. सकाळी बायको म्हणते की मुलीची फी भरायची आहे. तो हो म्हणतो. दुपारी कळते की आठ क्विंटलची तूट मापाड्याच्या माथी मारली गेली आहे, आणि मापाडी शेजारचाच पोरगा आहे. आता पैसे परत करणे म्हणजे एक रात्र आणि एक दिवस आपण गप्प होतो हे कबूल करणे. संध्याकाळी तो पोरगा ओट्यावर येऊन बसतो.

“काका, ती चिठ्ठी शे का घरमा?”

“माहीत नही रे भो, कोठे तरी पडनी व्हई.”

चिठ्ठी त्याच्या टोपीच्या घडीत आहे. बायको कळण्याची भाकरी आणि भरीत वाढते, पोरालाही आग्रहाने जेवायला बसवते, आणि वाकून जेवताना टोपी पडू नये म्हणून हा मान ताठ ठेवून घास घेतो.

या प्रसंगात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिले खोटे अगदी लहान ठेवले आहे, कारण लहान खोटे वाचक स्वतःही बोलला असता. धास्ती एका वस्तूत, म्हणजे चिठ्ठीत ठेवली आहे आणि ती वस्तू अंगावर आहे. ज्याच्यावर अन्याय होतो आहे तो पोरगा चांगला, भोळा ठेवला आहे. तो उद्धट असता तर शेतकऱ्याची सुटका फार स्वस्तात झाली असती. ‘त्याला फार भीती वाटली’, ‘त्याचे मन त्याला खाऊ लागले’ अशी वाक्ये मसुद्यात आली असतील तर ती खोडावीत आणि त्यांच्या जागी मान, हात, घास, टोपी यांपैकी काहीतरी लिहावे. रिप्ले लिहिताना हायस्मिथ खुर्चीच्या कडेवर बसत, कारण रिप्ले हा तसाच बसणारा माणूस होता. आपणही मान ताठ ठेवून एक भाकरी खाऊन पाहावी.

शेवटाचा धाक घेऊ नये. कलाटणी शोधत बसल्याने पुष्कळ चांगल्या गोष्टी बिघडतात. रिप्ले सुटतो, तरी पुढच्या प्रत्येक धक्क्यावर पोलीस उभे असतील का, हा प्रश्न त्याच्याबरोबर प्रवास करतो. सुटका हीच शिक्षा, अशी ती रचना आहे. आपला शेतकरीही पकडला न जाता अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पोहोचू शकतो. तोवर मापाड्याचे काम गेले असेल, आणि तोच पोरगा त्याच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, म्हणून राहायला आलेला असेल.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हायस्मिथ यांच्या डायऱ्या आणि चरित्रे वाचताना त्यांचे ज्यूद्वेषी विचार समोर येतात, आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून पात्राच्या कातडीत शिरण्याची रीत घ्यावी. माणसांविषयीचा तो कडवटपणा त्यांच्यापाशीच राहू द्यावा.

मसुदा झाला की गोष्टी वाचणाऱ्या, पण स्वतः न लिहिणाऱ्या एखाद्याला तो द्यावा आणि आवडला का, हे विचारू नये. वाचून होईपर्यंत समोर गप्प बसावे. ‘शेवट कळला नाही’ असे उत्तर आले तर प्रसंगांची जुळणी पुन्हा तपासावी. ‘त्या पोराचे वाईट वाटले’ एवढेच म्हटले तर शेतकरी अजून आपल्या हाती लागलेला नाही, असे समजून जेवणाचा प्रसंग नव्याने लिहावा. ‘चिठ्ठी जाळून का नाही टाकली त्याने?’ असे कोणी चिडून विचारले, तर मसुदा दिवाळी अंकाकडे पाठवायला हरकत नाही.