सॅलड रॅप लिबलिबीत का होतो? या चुका टाळा

दुपारच्या जेवणासाठी सॅलड भरलेला टॉर्टिया रॅप, म्हणजे गव्हाच्या किंवा मक्याच्या पातळ पोळीची गुंडाळी, सोयीचा असतो आणि नीट केला तर पोटभरीचाही होतो. मात्र तो बिघडण्याच्या तऱ्हा जवळपास ठरलेल्या आहेत. कधी तो गुंडाळतानाच तडकतो, कधी डबा उघडेपर्यंत तळाशी भिजून हातात सुटतो आणि कधी चवीला चांगला असूनही तासाभरात पुन्हा भूक लागते. अशा वेळी आपल्याला नीट गुंडाळता येत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात रॅप बिघडतो तो बहुतेक वेळा गुंडाळण्याच्या बराच आधी, म्हणजे पाने धुताना, काकडी चिरताना आणि सॅलडवर मीठ भुरभुरताना. त्यामुळे घडी घालण्याची पद्धत शिकण्याआधी पाण्याचा बंदोबस्त करायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

सारणाला सुटणारे पाणी

काकडी आणि लेट्यूस (सॅलडची हिरवी पाने) यांच्या वजनाचा सुमारे 95 टक्के भाग पाण्याचा असतो आणि टोमॅटोही त्याच्या जवळपासच असतो. चिरलेल्या भाजीवर मीठ पडले की तिच्या पेशींतले पाणी बाहेर येऊ लागते. वाडग्यातल्या सॅलडच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण ते लगेच खाल्ले जाते आणि सुटलेले पाणी तळाशी राहते. रॅपमध्ये मात्र त्या पाण्याला टॉर्टियाखेरीज दुसरीकडे जायला वाटच नसते. म्हणूनच सगळे सॅलड मीठ, लिंबू आणि तेल घालून आधी कालवायचे व मग ते टॉर्टियात भरायचे, ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

काकडी उभी चिरून मधला बियांचा पाणीदार गर चमच्याने खरवडून काढावा आणि टोमॅटोच्या बिया व रसही तसाच काढून टाकावा. कोबी किंवा काकडी बारीक चिरली असेल, तर तिला थोडे मीठ चोळून ती दहा-पंधरा मिनिटे चाळणीत ठेवावी आणि नंतर मुठीत धरून घट्ट पिळावी. पहिल्या दाबालाच बोटांच्या फटींतून पाण्याची धार निघते. हे सगळे पाणी एरवी टॉर्टियात मुरले असते, हे तेव्हा डोळ्यांना दिसते. पिळलेल्या भाजीत मीठ उरलेले असते, त्यामुळे पुढे सारणात किंवा सॉसमध्ये मीठ घालताना हात आखडता ठेवावा.

पाने धुतल्यावर नुसती झटकून घेणे पुरेसे नाही. लेट्यूसच्या मधल्या जाड शिरेजवळच्या खोलगट भागात आणि पानाच्या चुण्यांत पाणी अडकून राहते. पाने स्वच्छ सुती फडक्यावर एकेरी पसरावीत, वरून दुसरे फडके हलकेच दाबावे आणि शिरेजवळची जागा बोटाने चाचपून पाहावी. तिथे ओल लागली, तर पाने अजून भरण्याजोगी झालेली नाहीत. आणखी एक बारकावा फारसा कोणी लक्षात घेत नाही. पानांना नुसत्या व्हिनेगरपेक्षा तेल लागल्याने ती लवकर मलूल होतात, कारण पानावरचे मेणचट आवरण पाण्याला दूर ठेवते, पण तेल त्यातून आत शिरते. पाने कोरडी आणि तेलाविना ठेवावीत. चवीची जबाबदारी इतर घटकांवर सोपवावी.

डबाबंद काबुली चणे किंवा राजमा वापरणार असाल, तर ते धुऊन पूर्ण निथळून घ्यावेत आणि त्यांतले निम्मे काट्याने ठेचावेत. ठेचलेले दाणे बाकीच्या सारणाला धरून ठेवतात, त्यामुळे चावा घेतल्यावर ते मागच्या टोकाने घरंगळत बाहेर येत नाहीत. भाजलेल्या भाज्या, अंडी किंवा चिकन गरम असतानाच भरण्याचा मोह टाळावा. आत कोंडलेली वाफ टॉर्टियाला आतून भिजवते आणि पानेही शिजल्यासारखी मऊ पडतात.

पातळ ड्रेसिंग

तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर हे प्रमाण वाडग्यातल्या सॅलडसाठी उत्तम आहे, पण रॅपमध्ये ते ओघळून खालच्या घडीत साचते. इथे चमच्याला चिकटून राहील असे काही तरी हवे: हमस (काबुली चण्यांची घट्ट चटणी), पाणी निथळलेले घट्ट दही, मेयोनेज किंवा ठेचलेले अवोकाडो. सुमारे 25 सेंटिमीटर व्यासाच्या टॉर्टियाला यातले दोन मोठे चमचे पुरतात. स्निग्ध लेपाचा, विशेषतः मेयोनेजचा, दुसरा उपयोग असा, की पातळ पसरल्यास तो ओल्या सारणात आणि टॉर्टियात आडपडद्यासारखा राहतो. त्यावर आधी पाने पसरावीत, त्यांवर चणे, अंडे किंवा चिकन, आणि टोमॅटोसारखे ओलसर घटक अगदी मध्यभागी ठेवावेत, म्हणजे ते कोणत्याही बाजूने टॉर्टियाला थेट टेकणार नाहीत. क्रम बदलला, तर मेहनत तेवढीच पडते आणि रॅप मात्र तासाभरात भिजतो.

थंड टॉर्टिया गुंडाळणे

फ्रिजमधून काढलेला टॉर्टिया तडकतो, कारण थंडाव्यात त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि घडीवर ताण पडला की तो वळण्याऐवजी फाटतो. गरम केल्यावर हाच स्टार्च पुन्हा मऊ पडतो. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू पंधरा ते वीस सेकंद शेकावी आणि लगेच फडक्यात झाकून ठेवावी. यापेक्षा जास्त शेकण्याचा उलटाच परिणाम होतो: ओलावा उडून टॉर्टिया कुरकुरीत होतो आणि मग कोणत्याही उपायाने तो नीट वळत नाही. मायक्रोवेव्ह वापरायचा असेल, तर टॉर्टिया किंचित ओलसर कागदी रुमालात गुंडाळून काही सेकंदच ठेवावा. लेप मात्र टॉर्टिया कोमट झाल्यावरच लावावा.

मक्याच्या टॉर्टियात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्यामुळे त्याला गव्हाच्या टॉर्टियाइतकी लवचीकता नसते. मोठ्या, भरगच्च रॅपसाठी तो निवडू नये. आकाराने लहान ठेवून नुसता दुमडण्यासाठी तो चांगला आहे.

भरपूर पाने, अपुरे जेवण

रॅप जाडजूड दिसला म्हणजे पोटभरीचा झाला, असे नाही. त्यात पाने, काकडी आणि गाजर एवढेच असेल, तर ते बहुतांशी पाणीच आहे. दुपारचे जेवण म्हणून खायचा रॅप असेल, तर त्यात प्रथिने आणि तंतुमय पदार्थ दोन्ही हवेत. 100 ग्रॅम शिजवलेल्या काबुली चण्यांतून सुमारे 9 ग्रॅम आणि एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. पनीर, टोफू किंवा चिकन हेही चांगले पर्याय आहेत. मूठभर शिजवलेला क्विनोआ (बारीक दाण्यांचे एक धान्य) किंवा भाजलेल्या रताळ्याच्या फोडी घातल्या, तर सारणाला भरीवपणा येतो आणि सुटलेला थोडाफार रसही त्या शोषून घेतात.

चवीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. टॉर्टियाची स्वतःची चव सौम्य असते आणि थंड पदार्थांची चव जिभेला मंद लागते, त्यामुळे सारण चाखताना ते नुसते खायला किंचित जास्त आंबट आणि तिखट वाटले पाहिजे. ही कसर मीठ वाढवून भरून काढू नये, कारण मीठ वाढले की पाणी सुटणे आलेच. लिंबाची किसलेली साल, मिरपूड, बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा पुदिना आणि व्हिनेगरमध्ये मुरवून निथळलेला कांदा यांनी काम होते. कुरकुरीतपणासाठी भाजलेल्या सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया अगदी शेवटी घालाव्यात.

गुंडाळताना

इतके झाल्यावर गुंडाळणे सोपे असते. सारण सुमारे एक ते दीड कपापेक्षा जास्त घेऊ नये आणि ते मध्यभागी न ठेवता आपल्या बाजूच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर आडवे रचावे. दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. आधी डावी-उजवी कड आत दुमडावी, मग जवळची कड सारणावरून पलीकडे नेऊन बोटांनी आपल्याकडे ओढून घट्ट करावी आणि त्यानंतरच पुढे गुंडाळत जावे. ओढून घट्ट करण्याची ही एक कृती वगळली, की रॅप आतून पोकळ राहतो आणि कापताच उलगडतो. शेवटच्या कडेला लेपाचे बोट फिरवले, तर ती चिकटून बसते. त्यानंतर जोड खाली ठेवून गरम तव्यावर मिनिटभर शेकल्यास तो पक्का होतो.

गुंडाळताना टॉर्टिया फाटलाच, तर जबरदस्तीने पुढे नेऊ नये. थोडे सारण कमी करावे, फाटलेल्या जागेवर एक मोठे कोरडे पान आतून लावावे आणि रॅप बटर पेपरमध्ये आवळून बांधावा. कागद खाली सोलत खाल्ला, तर फट त्रास देत नाही.

डब्यात नेताना

रात्रीच रॅप तयार करून ठेवण्यापेक्षा रात्री सारणाचे घटक वेगवेगळ्या डब्यांत तयार ठेवून सकाळी भरणे केव्हाही चांगले. अंडी, चिकन, दही किंवा मेयोनेज असलेला रॅप सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवामान 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर एका तासापेक्षा जास्त नाही. जेवणाला त्याहून उशीर होणार असेल, तर डब्यात बर्फाची पिशवी ठेवावी. अवोकाडो वापरले असेल, तर ते ठेचतानाच त्यात लिंबू पिळावे, म्हणजे ते उशिरा काळे पडते. कापायचा असल्यास दातेरी सुरीने तिरका कापावा.

इतकी काळजी घेऊनही टॉर्टिया ओलसर झालाच, तर रॅप उघडून लेट्यूस बाजूला काढावा, बाकीचे सारण पुन्हा गुंडाळावे आणि तवा मध्यम आचेवर ठेवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे, उलथन्याने हलकेच दाबत शेकावा. बाहेरची ओल उडून वरचा पापुद्रा पुन्हा खरपूस होतो आणि काढलेली पाने सोबत ताजीच खाता येतात.