बॉर्डरलाइनचे उपचार: ठाण्यात सुरुवात करताना

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे भावना टोकाला जाणं, नाती डळमळीत राहणं अशा मानसिक आजाराचं निदान झालं की घरचे आधी विचारतात, "गोळ्या किती दिवस?" या आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध एकही नाही. सोबत नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्याच्या गोळ्या देतात. भावनेच्या भरात एकदम जास्त घेतल्या जाऊ नयेत म्हणून त्या आठवड्यापुरत्याच आणाव्यात आणि गोळ्यांचा डबा घरच्यांनी सांभाळावा. खरा उपचार म्हणजे थेरपी.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो डीबीटीचा, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा. ती घडवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची पहिली चाचणी १९९१ची. आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारा दोन-अडीच तासांचा ग्रुप, अडीअडचणीला थेरपिस्टला फोन, आणि हे साधारण वर्षभर. वेळ घेतानाच विचारा: ग्रुप आहे का? मधल्या दिवसांत फोन चालेल का? ठिकाण जवळचं निवडा. कासारवडवलीत राहणाऱ्यांनी नौपाड्यातली संध्याकाळी सहाची वेळ घेऊ नये. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन सेशन बुडाली की तिसऱ्याला जायची लाज वाटू लागते.

गाडी अडते ती बहुधा वेगळ्याच जागी. आधी थेरपिस्ट देवासारखा वाटतो. मग त्याने एक तारीख पुढे ढकलली की "यालाही मी नकोशी झाले" म्हणून सगळं सोडून दिलं जातं. आपल्याला कोणीतरी टाकून देईल ही भीतीच तर या आजाराचा गाभा, म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून घ्या: सोडायचं असेल तरी ते सांगायला एकदा समोर जाऊन बसायचं.

भावनेची लाट आली की पातेल्यात थंड पाणी घ्या, श्वास रोखून कपाळ आणि गाल बुडतील असा चेहरा तीसेक सेकंद आत धरा. बर्फाचं पाणी नको. हृदयाचे ठोके मंदावतात, डोकं थोडं थाऱ्यावर येतं. परिणाम काही मिनिटंच टिकतो, पण रागाचा तो मेसेज न पाठवायला तेवढी पुरतात. हृदयविकार किंवा खाण्याचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. लाट आलेली असताना घरच्यांनी समजावत बसू नये. "नाटकं करते" तर कधीच म्हणू नये.

जीव द्यावासा वाटला तर टेलि-मानस १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. धोका समोर दिसत असेल तर थेट जवळच्या हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी विभाग.

बरं होतं का? होतं. अमेरिकेत संशोधक मेरी झानारिनी यांनी हॉस्पिटलात दाखल झालेल्या बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला: ८६ टक्क्यांची लक्षणं सलग चार वर्षं तरी ओसरलेली राहिली. नोकरी-नात्यांसकट घडी बसली ती मात्र निम्म्यांचीच. स्वतःला इजा करणं लवकर थांबतं, रितेपण आणि राग रेंगाळतात. म्हणून कॉलेज किंवा काम "आधी बरी हो, मग बघू" म्हणत थांबवू नका; अर्ध्या दिवसाचं का असेना, थेरपीच्या पहिल्या महिन्यांपासून चालू ठेवा.