डिस्क देताय? मग प्लेअर बसवायला लावू नका: या चुका टाळा

संस्थांच्या अमृतमहोत्सवाच्या, कीर्तनांच्या, शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या डीव्हीडी मी बरीच वर्षं तयार करतोय. बिघडलेल्या डिस्क दुरुस्तीला येतात, तेव्हा चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बघणाऱ्याला आधी प्लेअर बसवायला लावणं. 'आधी क्विकटाइम (अ‍ॅपलचा व्हिडिओ प्लेअर) इन्स्टॉल करा' असं सांगणाऱ्या डिस्क अजून माझ्याकडे येतात. अ‍ॅपलने विंडोजवरचं क्विकटाइम 2016 मध्येच सोडून दिलं. मेनू फ्लॅश या जुन्या अ‍ॅनिमेशनच्या तंत्रात केला असेल तर त्याचा आधारही 31 डिसेंबर 2020 ला संपला. व्हिडिओ एमपी4 मध्ये करा, आत चित्र एच.264 आणि आवाज एएसी या पद्धतीने साठवलेला. विंडोज 7 पासून पुढच्या बहुतेक मशीनवर आणि मॅकवर तो आहे त्या प्लेअरमध्ये चालतो. व्हीएलसी (फुकट मिळणारा प्लेअर) सोबत जरूर द्या, पण अडलं तर हाताशी असावं म्हणून, वेगळ्या फोल्डरमध्ये. जुनं विंडोज एक्सपीचं मशीन असेल तर एच.264 साठी ते लागतंच. कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) मात्र कधीच देऊ नका. दुसऱ्याच्या मशीनवर काय काय बदलून बसतो, ते निस्तरायला आपण तिथे नसतो.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे आणि ती अजून सलते. एका ग्रंथालयासाठी दोनशे डिस्क केल्या होत्या. माझ्या मशीनला एकच सी ड्राइव्ह, म्हणून डीव्हीडी डी वर यायची आणि प्लेलिस्टमध्ये प्रत्येक व्हिडिओचा पत्ता 'डी:' पासून लिहिला गेला. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या पीसीत सी, डी, ई असे तीन भाग पाडलेले असतात, तिथे डीव्हीडी जाते एफ वर. प्रकाशनाच्या दिवशी पडद्यावर मेनू आला, वाचनालयाच्या जुन्या इमारतीचा फोटो आला, आणि क्लिक केल्यावर नुसता काळा पडदा. ज्यांच्या आठवणी त्यात होत्या, ती म्हातारी माणसं पहिल्या रांगेत बसली होती. दोनशेच्या दोनशे डिस्क नव्याने कराव्या लागल्या.

तेव्हापासून पत्ता नेहमी सापेक्ष लिहितो: ड्राइव्हचं अक्षर नाही, नुसतं फोल्डरचं आणि फाइलचं नाव. डिस्क जाळण्याआधी (म्हणजे बर्न करण्याआधी) आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, करतो आणि माझ्या हार्ड डिस्कवरच्या मूळ फोल्डरचं नाव बदलतो. मग आयएसओवर डबल क्लिक. विंडोज 8 पासून ती नव्या अक्षराखाली आपोआप उघडते. मूळ फोल्डरकडे चोरून बोट दाखवणारी एखादी लिंक राहिली असेल तर ती तिथेच उघडी पडते. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. 'माझ्याकडे चालतंय' म्हणून थेट शंभर कॉप्या काढतात. तुमच्याकडे चालणं ही चाचणीच नव्हे.

मॅकसाठीचं व्हीएलसी विंडोजवर उघडून फोल्डरसारखं कॉपी करू नका, आतल्या परवानग्या आणि दुवे तुटतात. डीएमजी फाइल (मॅकचं प्लेअर ज्यात येतं ते पाकीट) जशीच्या तशी ठेवा, आणि यूनिवर्सल घ्या, म्हणजे इंटेल आणि अ‍ॅपलची चिप दोन्हीवर चालेल.

ऑटोरनवर (डिस्क घातली की मेनू आपोआप सुरू करणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. मॅक तो वाचतच नाही, आणि विस्टापासून विंडोजही आधी विचारतं.

फाइलला मराठी नाव देताना जोलिएटची (डिस्कवर लांब आणि मराठी नावं लिहिण्याच्या पद्धतीची) 64 अक्षरांची मर्यादा लक्षात ठेवा. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: 'कीर्तन' दिसायला तीन अक्षरं, मोजायला सहा. मी 01, 02 असे आकडे देतो आणि पूर्ण मराठी शीर्षकं मेनूत लिहितो.

लिनक्सवाल्यांसाठी इंग्रजी नावातली मोठी-लहान (कॅपिटल-स्मॉल) अक्षरं सांभाळा. मेनूत एक आणि फाइलवर दुसरं असेल तर तिथे फाइल सापडत नाही.

आणि पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारा) प्लेअर थेट डिस्कवरून चालवायचा असेल तर आधी जाळलेल्या डिस्कवरूनच चालवून बघा. तो आपल्याच फोल्डरमध्ये सेटिंग लिहायला जातो, आणि डिस्कवर लिहिता येत नाही. पेनड्राइव्हवरच्या चाचणीत हे कळतच नाही.