बामाच्या डबीचे इतर उपयोग: या चुका टाळा

सर्दीसाठी आणलेली बामाची डबी मराठवाड्यातील घरांत क्वचितच सर्दीपुरती राहते. टाचांच्या भेगा, पायाच्या नखांची बुरशी, डासांचे चावे, कुरकुरणारी बिजागरी अशा कितीतरी कामांसाठी ती देवळीतून खाली उतरते आणि त्यांतील काही उपयोग खरोखरच चांगले आहेत. मात्र डबीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. कापूर, मेन्थॉल आणि निलगिरी तेल यांनी वास व थंडावा येतो, तर त्यांना धरून ठेवणारी पेट्रोलियम जेली त्वचेतील ओलावा उडू देत नाही. मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, म्हणून गार वाटते. शरीराचे तापमान त्याने उतरत नाही.

भेगांवर काम करते ती जेली. रानातून आल्यावर धुळीने भरलेल्या कोरड्या टाचेवरच बाम चोळला, तर अडवायला ओलावाच नसतो. त्यामुळे पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, पुसून, मग बाम लावावा आणि रात्री मोजे घालावेत. भेगेतून रक्त येत असेल तर कापराने आग होते. तेथे साधी पेट्रोलियम जेलीच बरी.

नखांच्या बुरशीबाबत घाई नडते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात १८ जणांनी ४८ आठवडे बाम लावला. ५ जणांचे नख पूर्ण बरे झाले, १० जणांना काही प्रमाणात गुण आला. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नव्याने यायला वर्ष-दीड वर्ष लागते, तेव्हा पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणे योग्य नाही. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र पायावर स्वतःचे प्रयोग करू नयेत, आधी डॉक्टरांना दाखवावे.

बिजागरीची कुरकुर बामाने थांबते खरी, पण त्या चिकटपणावर धूळ बसते. शिलाई मशीनचे तेल अधिक चांगले. बाम चोळलेल्या कंबरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण थंडाव्याच्या भासात चटका उशिरा कळतो आणि त्वचा भाजते.

हाच भास एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत घातक ठरतो. पारा ४२ अंशांपुढे गेलेला असताना शेतातून आलेल्या माणसाचे अंग तापून तो बरळू लागला, तर त्याच्या कपाळाला आणि तळपायांना बाम चोळण्यात वेळ घालवू नये. त्याला सावलीत घेऊन, अंगावर पाणी ओतून, वारा घालत तातडीने दवाखान्यात न्यावे.

विंचवाच्या दंशावरही आपल्याकडे बाम चोळतात. वेदना थोडी बधिर वाटली की घरचे निश्चिंत होतात, आणि लाल विंचवाचे विष तोवर हृदयावर परिणाम करू लागलेले असते. भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही त्याची लक्षणे होत. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. ते जितक्या लवकर मिळेल तितके चांगले. बामाच्या भरवशावर घरी थांबण्यात हाच वेळ जातो.

लहान मुलांबाबत तर कोणतीही तडजोड नको. दोन वर्षांखालील बाळाला हा बाम लावूच नये, मग आजीबाईंचा कितीही आग्रह असो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्री असा बाम लावल्याने सर्दी-खोकला झालेल्या मुलांना झोप बरी लागल्याचे आढळले, पण ती मुले २ ते ११ वर्षांची होती आणि बाम छातीला व गळ्याला लावला होता. नाकाच्या आत किंवा डोळ्यांजवळ तो मोठ्यांनीही लावू नये. मुलाने बाम गिळला असेल तर कापरामुळे झटके येऊ शकतात. अशा वेळी त्याला मुद्दाम उलटी करवू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि डबी सोबत न्यावी, म्हणजे तिच्यावर छापलेले कापराचे प्रमाण डॉक्टरांना लगेच वाचता येईल.