आउटबोर्ड इंजिनासाठी ऑईल: पंपावर सोपवावे की पेट्रोलात मिसळावे?

होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनात फोर-स्ट्रोकसारखा ऑईलचा साठा तळाशी नसतो. पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातून, जाताना त्यांच्यासोबत जेवढे ऑईल येते, तेवढ्यावरच बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा यांचे वंगण चालते आणि ते ऑईल जळून बाहेर पडते. त्यामुळे ऑईल इंजिनापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हा होडीच्या मालकासाठी इंजिनाच्या आयुष्याचा प्रश्न असतो. वाटा दोनच आहेत. पेट्रोल टाकीत भरतानाच त्यात ऑईल मिसळायचे, किंवा वेगळ्या टाकीतले ऑईल इंजिनावरच्या पंपाने आत सोडायचे. जुन्या बजाज चेतकसाठी पेट्रोल पंपावर टू-टी ऑईल मोजून घ्यावे लागे, तर कायनेटिक होंडाला ऑईलची टाकी वेगळी होती; ज्यांनी ही दोन्ही वाहने वापरली आहेत त्यांना हा फरक लगेच लक्षात येईल.

निवड करण्यापूर्वी आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. ऑप्टिमॅक्स किंवा ई-टेकसारख्या, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल क्रँककेसमधून जातच नाही. तिथे ऑईल पंपाला पर्याय नाही आणि तो बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांचे प्रमाणही वेगळे असते, ते उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. पुढचे विवेचन कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनांपुरते आहे.

मिश्रणाचा मोठा गुण म्हणजे त्यात बिघडण्यासारखा भागच नसतो. इंजिनाला पेट्रोल मिळते आहे म्हणजे ऑईलही मिळते आहे, एवढी खात्री पुरते. ५०:१ या नेहमीच्या प्रमाणात दर लिटर पेट्रोलला २० मिली ऑईल लागते, म्हणजे २४ लिटरच्या सुट्या टाकीला ४८० मिली. आधी टाकीत थोडे पेट्रोल घ्यावे, त्यात सगळे ऑईल ओतून टाकी नीट हलवावी आणि मगच उरलेले पेट्रोल भरावे. ऑईल शेवटी ओतले तर विशेषतः थंडीच्या पहाटे ते तळाशी बसून राहते. ‘थोडे जास्त पडले तर बरेच’ ही समजूत बंदराबंदरांवर ऐकू येते, पण ती सोडून द्यावी. जादा ऑईलमुळे प्लग काळे पडतात, रिंगांभोवती कार्बन साचतो आणि त्याच मापाच्या मिश्रणात पेट्रोल कमी गेल्यामुळे ज्वलनही बिघडते.

मिश्रणाची खरी अडचण मंद गतीत दिसते. पूर्ण वेगाला जे ५०:१ प्रमाण योग्य असते, तेच जाळे ओढताना, गळ टाकून हळूहळू पुढे सरकताना किंवा पर्यटकांना डॉल्फिन दाखवण्यासाठी इंजिन तासन्‌तास मंद ठेवताना गरजेपेक्षा जास्त ठरते. थ्रॉटलशी जोडलेला ऑईल पंप मंद गतीत प्रमाण १००:१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी ऑईलकडे नेतो आणि वेग वाढेल तसे ते ५०:१ कडे आणतो. धूर घटतो, प्लग टिकतात, ऑईलचा खर्चही उतरतो. होडीच्या तळात कायमची टाकी बसवलेली असेल तर पंपाची बाजू आणखी भक्कम होते, कारण टाकीत नेमके किती पेट्रोल उरले आहे हे कळल्याशिवाय ऑईलचे माप काढता येत नाही आणि डुलत्या होडीवर अंदाजाने ओतलेले ऑईल कधीच बरोबर पडत नाही.

पंपाची काळजी मात्र वेगळी आणि नियमित घ्यावी लागते. ऑईलच्या नळ्या जुन्या झाल्या की कडक होतात, सांध्यांतून हवा शिरते आणि नळीत बुडबुडा अडकला तर पंप फिरत असूनही ऑईल पुढे जात नाही. उघड्या होडीत याहून मोठा धोका पाण्याचा असतो. टाकीच्या झाकणाचे रबर सैल झाले की लाटेचे किंवा पावसाचे पाणी आत जाते, ऑईलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि पंप सर्वांत आधी तेच ओढतो. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला टाकीचा तळ तपासावा, शंका आल्यास नळ्या बदलून हवा काढून टाकावी आणि ऑईल कमी झाल्याचा इशारा देणारा धोक्याचा भोंगा वाजतो की नाही याची खात्री करावी. भोंगा बिघडलेला असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत पंपावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

जुने इंजिन विकत घेतले असेल तर पंप चालू आहे हे सिद्ध होईपर्यंत टाकीत ५०:१ मिश्रणच भरावे. ऑईलच्या टाकीवर पातळीची खूण करावी, २४ लिटर मिश्रण जाळावे आणि पुन्हा पाहावे. चालीनुसार साधारण पाव ते अर्धा लिटर ऑईल उतरलेले दिसले पाहिजे. पातळी हललीच नाही तर साधे पेट्रोल भरूच नये. या तपासणीत, तसेच पुस्तिकेत सांगितले असल्यास नव्या इंजिनाच्या पहिल्या काही तासांत, दोन्ही वाटांनी ऑईल जाते. ते तेवढ्यापुरतेच ठेवावे.

वाट कोणतीही असो, ऑईल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक होडी-इंजिनांसाठीचा दर्जा) असे लिहिलेलेच घ्यावे. आउटबोर्ड इंजिन समुद्राच्या गार पाण्यावर थंड होते आणि एकाच वेगाने तासन्‌तास चालते. रस्त्यावरच्या वाहनांच्या टू-टी ऑईलमधल्या धातुयुक्त घटकांची राख त्यात साचते. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही विचार करावा. त्यात पाणी शिरून थर वेगळे झाले तर मिश्रणातले ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि तळातून इंजिनाकडे जाणाऱ्या थरात वंगण जवळजवळ नसते. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि पावसाळ्यासाठी होडी वर ओढण्यापूर्वी टाकी रिकामी करावी.

माझ्या मते तीस-चाळीस अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन, सुटी टाकी आणि पेट्रोल भरणारा एकच माणूस असेल तर मिश्रण उत्तम. मोठे इंजिन, तळातली टाकी, बराच वेळ मंद चाल किंवा रोज वेगवेगळे खलाशी असतील तर पंप ठेवावा आणि त्याच्या देखभालीवर खर्च करावा. पंप बंद करून मिश्रणावर यायचेच ठरले तर केवळ नळी काढून भागत नाही. कोरडा फिरणारा पंप झिजतो आणि त्याचे तुकडे इंजिनात जाऊ शकतात, म्हणून त्या मॉडेलची माहिती असलेल्या मिस्त्रीकडून पंप काढून त्याची जागा आणि ऑईलची तोंडे बंद करून घ्यावीत. त्यानंतर पेट्रोलच्या झाकणावर पुसला न जाणाऱ्या रंगाने ‘ऑईल मिसळूनच भरावे’ असे लिहावे, कारण इंजिनावर पंपाची खूण पाहून दुसऱ्या कोणी साधे पेट्रोल भरले तर ते इंजिन थोड्याच वेळात जाम होईल.